बाळाच्या मूत्राशयात जन्मतः दोष असेल तर: कोणती ऑपरेशन्स, कधी आणि कशासाठी?

रानफूल

मुलांच्या लघवीच्या इन्फेक्शनवर आणि अंथरूण ओलं होण्यावर इथे बरंच लिहिलं गेलंय. पण मूत्राशयाची घडणच जन्मतः वेगळी असलेल्या मुलांच्या ऑपरेशनांबद्दल एका जागी काही सापडत नाही. निदान कळतं त्या रात्री आईबाप जे वाचतात ते एक तर छातीत धडकी भरवणारं असतं, नाही तर "छोटंसं ऑपरेशन आहे, काळजी करू नका" इतकंच. त्या रात्री या दोन्हींचा काही उपयोग होत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला जन्मतः पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह, म्हणजे मूत्रमार्गात लघवी अडवणारा पडदा, होता. आता तो शाळेत जातो, खेळतो, पण त्याच्या किडन्यांवर आणि मूत्राशयावर आमचं लक्ष कायम असतं. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

मूत्राशयाची कामं दोन: लघवी कमी दाबाने साठवणं आणि वेळ आली की पूर्ण रिकामं होणं. डॉक्टर कोणतंही ऑपरेशन सुचवोत, ते या दोनपैकी कुठलं काम सुधारण्यासाठी आहे हे विचारायचं. आत दाब जास्त राहिला तर तो वर किडनीपर्यंत पोचतो आणि किडनी हळूहळू खराब होते. मूल रडत नाही, दुखत नाही, आणि आत नुकसान चालू असतं. म्हणून क्रम असा धरायचा: आधी किडनी, मग कोरडं राहणं, मग दिसणं. घरच्यांच्या मनात हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो, कारण ओली चड्डी दिसते आणि किडनी दिसत नाही.

आता व्हॉल्व्हबद्दल. हा दोष फक्त मुलग्यांत होतो, साधारण ५,००० ते ८,००० मुलग्यांमागे एकाला. मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गात एक पातळ पडदा राहून जातो आणि लघवीची वाट अडते. पोटात असल्यापासून मूत्राशय त्या अडथळ्याविरुद्ध जोर लावत असतं, त्यामुळे त्याची भिंत जाड होते. पुष्कळ बाळांमध्ये दोन्ही किडन्यांना सूजही येते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत मूत्राशय फुगलेलं आणि त्याच्या खालचा मार्ग रुंद दिसला की डॉक्टरांना शंका येते.

जन्मल्यावर लगेच ऑपरेशन करत नाहीत, आधी बारीक नळी घालून लघवीला वाट करून देतात. वाट मोकळी झाली की काही बाळांना खूप लघवी होऊ लागते आणि शरीरातलं पाणी व सोडियम झपाट्याने कमी होतं, म्हणून ते दिवस देखरेखीचे. बाळ सावरलं की मूत्रमार्गातून दुर्बीण घालून तो पडदा कापतात किंवा जाळतात. बाहेर कुठेही टाका नसतो. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघून काही उरलंय का ते तपासतात. बाळ फारच लहान असेल आणि मूत्रमार्गातून दुर्बीण जात नसेल, तर ओटीपोटावर मूत्राशयाला थेट एक छिद्र करतात. त्याला व्हेसिकॉस्टॉमी म्हणतात. त्यातून लघवी डायपरमध्ये गळत राहते आणि मूल मोठं झालं की छिद्र बंद करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्या वयाच्या मुलाची किडनी वाचवण्याचा तो एक साधा आणि चांगला मार्ग आहे.

पडदा गेला म्हणजे आजार गेला असं मात्र होत नाही, आणि हे कोणीतरी आम्हाला ठामपणे सांगायला हवं होतं. जाड झालेलं मूत्राशय नंतरही नीट वागत नाही. आधी ते आखडलेलं आणि चिडचिडं असतं, वय वाढतं तसं ढिलं पडून पूर्ण रिकामं होईनासं होतं. पहिल्या वर्षात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) सगळ्यात खाली किती उतरलं याला डॉक्टर फार महत्त्व देतात. ते ०.८ च्या खाली गेलं तर किडनीचं पुढचं चित्र सहसा बरं असतं. आमच्या मुलाला औषधं चालू आहेत, ठरावीक वेळाने शू करायची सवय आहे आणि रात्री नळी लावून मूत्राशय रिकामं ठेवतो.

ज्यांच्या मुलांना वेगळे दोष आहेत त्यांनी लिहा. एक्स्ट्रॉफी, रिफ्लक्स (लघवी उलटी किडनीकडे चढणं), मणक्याच्या दोषामुळे बिघडलेलं मूत्राशय, काहीही. आणि कोणी डॉक्टर वाचत असतील तर कृपया माझं काही अपुरं असेल तिथे भर घाला.

सांजवारा

रानफूल, वाचताना जरा धीर आला. आमच्या मुलीचं मूत्राशय जन्मतः पोटाबाहेर उघडं आहे. ब्लॅडर एक्स्ट्रॉफी. सोनोग्राफीत कळलं नव्हतं. जन्मानंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की ७२ तासांत बंद करायला हवं. ज्यांच्याकडे पाठवलं ते म्हणाले, घाई नको, काही आठवड्यांनी हाडांसकट करू. आता ते ७२ तास कधीच उलटून गेलेत. आपण संधी घालवली का, हा विचार डोक्यातून जात नाही. आणि हाडं का कापायची? इतक्या लहान बाळाची?

निरंजनी

सांजवारा, डॉक्टर मंडळी सविस्तर सांगतीलच, तोवर एक काम करा. मी मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स आहे. उघड्या मूत्राशयावर कापूस, कोरडं गॉज किंवा व्हॅसलीनची पट्टी ठेवू नका, ते आतल्या नाजूक अस्तराला चिकटतं आणि सोलतं. स्वयंपाकघरात वापरतात तसा पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद त्यावर ठेवायचा आणि वर डायपर. डायपर बदलताना सलाइनने हळूच धुवायचं आणि कागद नवा घ्यायचा. नाळेला अजून प्लास्टिकचा चिमटा असेल तर तो काढून दोरा बांधून घ्यायला सांगा, चिमटा अस्तरावर घासतो. बाकी बाळाला नेहमीसारखं उचला, कुशीत घ्या, दूध पाजा. उघडं दिसत असलं तरी बाळाला त्याने सतत दुखत नसतं.

दीपमाळ

मी बालशल्यचिकित्सक आहे, मुलांच्या मूत्रविकारांचंच काम करते. सांजवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, तुम्ही संधी घालवलेली नाही.

७२ तासांचा आकडा कुठून आला ते समजून घ्या. आईच्या शरीरातल्या रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे जन्मानंतर थोडा काळ बाळाचे सांधे सैल असतात. एक्स्ट्रॉफीत फक्त मूत्राशय उघडं नसतं, समोरची जघनाची हाडंही एकमेकांपासून लांब असतात, कमरेचं कडं उघडलेल्या पुस्तकासारखं असतं. पहिल्या तीन दिवसांत ती हाडं कधीकधी नुसती दाबून जवळ आणता येतात. नंतर ती घट्ट होतात, म्हणून कमरेच्या हाडांना काप घेऊन, ऑस्टिओटॉमी करून, ती जवळ आणावी लागतात. हाडं जवळ आली की पोटाची भिंत आणि मूत्राशय ताणाशिवाय शिवता येतात. ताण राहिला तर शिवण उसवते. या वयात कापलेलं हाड लवकर आणि चांगलं जुळतं, त्याची भीती मनातून काढा.

आज बऱ्याच मोठ्या केंद्रांत मुद्दाम काही आठवडे ते काही महिने थांबून ऑपरेशन करतात. बाळ जरा मोठं होतं, भूल अधिक सुरक्षित होते, आईचं दूध पाजणं बसतं, आणि हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, आम्ही असे सगळे तयारीने एकत्र येतो. क्लासिक एक्स्ट्रॉफीत किडन्या जन्मतः बहुधा चांगल्या असतात, त्यामुळे तेवढं थांबता येतं.

घड्याळापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की पहिलं बंद करणं यशस्वी व्हायला हवं. पहिली शिवण उसवली, मूत्राशय पुन्हा बाहेर आलं, तर पुढे ते पुरेसं मोठं होण्याची आणि मूल स्वतःहून कोरडं राहण्याची शक्यता बरीच घटते. म्हणून हे ऑपरेशन जवळच्या रुग्णालयात, क्वचित करणाऱ्या हातांनी, लवकर उरकण्यापेक्षा नेहमी करणाऱ्या टीमकडे थोडं उशिरा झालेलं चांगलं. हा आजार ३०,००० ते ५०,००० जन्मांमागे एकदा दिसतो, त्यामुळे चांगल्या सर्जनलाही त्याचा सराव असेलच असं नाही. "तुमच्याकडे वर्षाला अशी किती मुलं येतात, आणि त्यातल्या किती जणांची पहिली शिवण टिकते?" हा प्रश्न थेट विचारा. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

मार्ग साधारण तीन आहेत.

टप्प्याटप्प्याची दुरुस्ती: पहिल्या ऑपरेशनात मूत्राशय, मूत्रमार्गाचा मागचा भाग आणि पोट बंद करतात. मुलगा असेल तर ६ ते १२ महिन्यांच्या सुमारास शिश्नाची दुरुस्ती. मग चार-पाच वर्षांचं किंवा त्याहून थोडं मोठं झाल्यावर मूत्राशयाच्या मानेची (लघवी बाहेर पडते त्या अरुंद तोंडाची) दुरुस्ती, ज्याने लघवी रोखता यावी. त्यासाठी मूत्राशयात साधारण १०० मिली तरी मावायला हवं आणि मुलाला स्वतःला कोरडं राहावंसं वाटायला हवं. दुसरी अट कागदावर किरकोळ वाटते, पण तिच्याशिवाय पहिलीचा उपयोग होत नाही.

एकत्रित दुरुस्ती: मूत्राशय, मान, मूत्रमार्ग, शिश्न असं सगळं एकाच वेळी. कल्पना अशी की मानेवर सुरुवातीपासून थोडा अडथळा असला तर मूत्राशय भरायला, रिकामं व्हायला शिकतं आणि वाढतं. काही मुलांना पुढे मानेचं ऑपरेशन लागत नाही, पण बऱ्याच जणांना लागतं. "एकदाच ऑपरेशन" असं कोणी सांगितलं तर ते तेवढ्यावर धरू नका.

केली पद्धत: मेलबर्नच्या जस्टिन केली यांनी रूढ केलेली. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हाडांपासून सोडवून मूत्रमार्गाभोवती गुंडाळतात, त्यामुळे हाडं कापावी लागत नाहीत. पण शिश्नाच्या रक्तवाहिन्या आणि नसा अगदी त्याच जागी असतात, म्हणून हे काम फार थोड्या हातांचं आहे.

मुलींमध्ये बाह्य जननेंद्रियांची दुरुस्ती मुलग्यांपेक्षा सोपी असते आणि बहुधा पहिल्याच ऑपरेशनात होते. बंद केल्यावर जवळजवळ सगळ्याच मुलांत लघवी उलटी किडनीकडे चढते, त्यामुळे रोजचं कमी मात्रेचं अँटिबायोटिक आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी चालू राहते. आणि एक लक्षात ठेवाच: या मुलांना पहिल्या दिवसापासून लेटेक्सपासून लांब ठेवायचं. वारंवार ऑपरेशनं होणाऱ्या मुलांना रबराची गंभीर ॲलर्जी होऊ शकते. हातमोजे, नळ्या, फुगेसुद्धा.

सांजवारा

दीपमाळ, खूप आभार. "उशीर झाला" हे ओझं उतरलं. उद्याच त्या टीमला हे प्रश्न विचारते.

कासवचाल

माझं मत थोडं वेगळं आहे. लहान मुलांना हल्ली फार लवकर टेबलावर घेतात असं मला वाटतं. माझ्या भाचीला रिफ्लक्स होता, ग्रेड ३. दोन डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. घरच्यांनी थांबायचं ठरवलं आणि काही वर्षांत रिफ्लक्स आपोआप गेला. मग बाकीच्या दोषांतही आधी थांबून का बघू नये?

दीपमाळ

कासवचाल, रिफ्लक्सबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी स्वतः तेच सांगते. पण तो नियम इतर दोषांना लावला तर किडनी जाते, म्हणून थोडं सविस्तर.

रिफ्लक्समध्ये मूत्राशयातली लघवी मूत्रवाहिनीतून, म्हणजे किडनीकडून मूत्राशयात येणाऱ्या नळीतून, वर चढते. ग्रेड १ ते ५. खालच्या ग्रेडचा रिफ्लक्स वयाबरोबर पुष्कळदा जातो, कारण मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी जाणारी मूत्रवाहिनी वाढीबरोबर लांब होते आणि झडपेसारखी मिटते. तोवर रोजचं अँटिबायोटिक द्यायचं का, यावर २०१४ साली रिव्हर नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ६०७ मुलं होती. औषधाने पुन्हा होणारी इन्फेक्शन्स जवळपास निम्म्यावर आली, पण किडनीवरचे व्रण मात्र कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून मी प्रत्येक मुलाचा निर्णय वेगळा घेते. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते घालवते, शू रोखून धरण्याची सवय असेल तर ती मोडते. या दोन गोष्टींनी होणारा फरक बघून पालक थक्क होतात.

औषध चालू असतानाही तापाची इन्फेक्शन्स होत राहिली, किडनीच्या डीएमएसए स्कॅनमध्ये नवे व्रण दिसले, किंवा वरच्या ग्रेडचा रिफ्लक्स मोठ्या वयातही राहिला, तर ऑपरेशनचा विचार. दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडापाशी जेलचं इंजेक्शन देता येतं, मूल बहुधा त्याच दिवशी घरी जातं. किंवा मूत्रवाहिनी सोडवून मूत्राशयात नव्याने, लांब बोगद्यातून बसवतात. दुसऱ्याचं यश जास्त आणि टिकाऊ, पहिल्याचा त्रास कमी.

पण व्हॉल्व्हचा पडदा थांबून विरघळत नाही. एक्स्ट्रॉफी आपोआप मिटत नाही. तिथे थांबायचं असेल तर ते डॉक्टरांनी ठरवलेल्या तयारीपुरतंच. भाचीच्या घरच्यांनी थांबून योग्य केलं, आणि रानफूल यांनी न थांबता योग्य केलं.

कासवचाल

पटलं. हा फरक मला कोणी असा सांगितला नव्हता.

ओलीवाट

माझा मुलगा स्पायना बिफिडाचा आहे, म्हणजे जन्मतः मणका पूर्ण मिटलेला नव्हता. मणक्याचं ऑपरेशन जन्मानंतर लगेच झालं, पण मूत्राशयाच्या नसा बिघडलेल्याच राहिल्या. अशा मुलांच्या आईबापांसाठी लिहिते, कारण आम्हाला सगळे "ऑपरेशन कधी?" हेच विचारतात आणि आमचं पहिलं उत्तर नळी असतं.

दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हाताने मूत्रमार्गातून बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. याला सीआयसी म्हणतात. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की नळी पूर्ण निर्जंतुक नसून नुसती स्वच्छ असली तरी चालतं, महत्त्वाचं आहे ते वेळच्या वेळी रिकामं करणं. त्याआधी या मुलांच्या किडन्या जायच्या. सोबत मूत्राशय शांत ठेवणारं औषध, ऑक्सिब्युटिनिन. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतो, उन्हात अंग तापतं, पण बहुतेक मुलांना ते चालवून घेता येतं. पुरेसं नसेल तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं. परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावी लागतात.

युरोडायनॅमिक टेस्ट मात्र टाळू नका. मूत्राशय भरताना आतला दाब किती चढतो हे तीच सांगते. गळायला लागेपर्यंत दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर किडनीला धोका मानतात. तुमचं मूल कोरडं असेल आणि दाब चढा असेल, तर त्या कोरडेपणाचा आनंद मानू नका. कोरडं मूल बघून आम्ही सगळे खूश होतो तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आधी दाब मोजला, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

एवढं सगळं करूनही दाब उतरला नाही, तर मूत्राशय मोठं करण्याचं ऑपरेशन. आमचा निर्णय अजून व्हायचाय. ज्यांनी केलंय त्यांनी खरंखुरं सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

वाटसरू

ओलीवाट, मी सांगतो. मी एक्स्ट्रॉफीसह जन्मलो, आता चांगला मोठा बाप्या आहे, नोकरी करतो. माझं मूत्राशय लहान राहिलं आणि मानेचं ऑपरेशन पुरेसं ठरलं नाही. शाळेत असताना आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं केलं आणि अपेंडिक्सची नळी करून ती बेंबीत आणून उघडली. दुसऱ्या भागाला मिट्रोफानॉफ म्हणतात, पॉल मिट्रोफानॉफ या फ्रेंच सर्जनांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. मी बेंबीतून नळी घालतो, लघवी काढतो, शर्ट खाली घेतो. खुर्चीवर बसूनही करता येतं. कोणाला कळत नाही. चाकाच्या खुर्चीत असलेल्या मुलांना तर याचा फार उपयोग होतो, मुलींना विशेष, कारण मूत्रमार्गातून स्वतः नळी घालायला वाकावं लागतं, कपडे उतरवावे लागतात. अपेंडिक्स नसेल तर लहान आतड्याच्या तुकड्याची नळी करतात. म्हणून अशा मुलाचं दुसरं कुठलं पोटाचं ऑपरेशन असेल तर "अपेंडिक्स काढू नका" असं आधीच सांगून ठेवा.

कोरडं राहण्याने माझं आयुष्य बदललं. सहलीला गेलो, वसतिगृहात राहिलो, लग्न झालं.

आता दुसरी बाजू. आतडं मूत्राशयाला जोडलं तरी ते आतड्यासारखंच वागतं, चिकट श्लेष्मा तयार करत राहतं. तो साचला की नळी तुंबते आणि खडे होतात. म्हणून रोज सलाइनने मूत्राशय धुवायचं. मी कंटाळा केला की खडे झाले, हा अनुभव अशा बऱ्याच जणांचा आहे. आतडं लघवीतलं आम्ल रक्तात परत घेतं, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं, काहींना सोडा बायकार्बच्या गोळ्या लागतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग वापरला असेल तर पुढे बी १२ कमी पडू शकतं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू कायम दिसतात, ताप-दुखणं नसेल तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नका. बेंबीचं छिद्र कातडीपाशी आवळतं, ते कधीकधी सैल करून घ्यावं लागतं.

सगळ्यात गंभीर म्हणजे मोठं केलेलं मूत्राशय फुटू शकतं, विशेषतः वेळेवर रिकामं केलं नाही तर. पोटात जोरात दुखणं, उलट्या, ताप, पोट फुगणं असं काही झालं तर थेट इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं, "माझं मूत्राशय आतडं जोडून मोठं केलेलं आहे". स्पायना बिफिडाच्या मुलांना पोटातलं दुखणं नीट जाणवत नाही, त्यामुळे त्यांच्यात हे उशिरा कळतं. ओलीवाट, हे शाळेलाही लिहून द्या.

मग करावं का? माझं उत्तर: जे मूल आणि जे घर रोज नळी आणि रोज धुणं चुकवणार नाही, त्यांनी गरज असेल तर जरूर करावं. नळीची शिस्त बसलेली नसेल तर आधी ती बसवा, ऑपरेशन नंतर. तुमची बसलेली दिसते.

दीपमाळ

वाटसरू, तुमचा प्रतिसाद मी माझ्या पेशंटच्या पालकांना वाचायला देणार आहे. थोडी भर. लघवीची वाट आतड्याकडे वळवण्याचे प्रयोग फार जुने आहेत. १८५२ साली जॉन सायमन यांनी एक्स्ट्रॉफीच्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यात उघडल्या. ती पद्धत पुढे बराच काळ चालली आणि नंतर लक्षात आलं की लघवी आणि विष्ठा जिथे एकत्र येतात तिथे अनेक वर्षांनी कर्करोग होण्याचा धोका असतो. आतडं जोडलेल्या मूत्राशयातही मोठ्या वयात क्वचित गाठ होते, म्हणून आयुष्यभर तपासणी हवी. मूल अठरा वर्षांचं झालं की बालविभागातून नाव निघतं आणि मोठ्यांच्या विभागात कोणी ओळखत नाही, त्या फटीत मुलं हरवतात. तिकडचा डॉक्टर आधीच ठरवून ठेवा.

एक्स्ट्रॉफीच्या मुली पुढे आई होऊ शकतात. त्यांना गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास होऊ शकतो आणि बाळंतपण बहुधा सिझेरियनने ठरवतात. मुलग्यांना मूल होण्यासाठी कधीकधी वैद्यकीय मदत लागते. हे वयात येताना त्यांच्याशी मोकळेपणी बोललं पाहिजे.

मृगनक्षत्र

प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय बसवतात असं वाचलं होतं. त्याचं काय झालं? मग आतडं कशाला जोडायचं?

दीपमाळ

२००६ मध्ये अँथनी अटाला यांच्या गटाने स्पायना बिफिडाच्या ७ रुग्णांत त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली भिंत मूत्राशयाला जोडल्याचं प्रसिद्ध केलं. खूप आशा वाटली होती, मलाही. २०१४ मध्ये पुढच्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात मूत्राशय हवं तसं मोठं आणि मऊ झालं नाही, आणि गुंतागुंतही झाली. आज नेहमीच्या उपचारात ते नाही. कोणी तसं विकत असेल तर सावध राहा.

पहाटफुटी

माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी सारखी थोडी ओली. शू वेळेवर करते, नीट करते, तरी चड्डी कायम दमट. सगळे म्हणतात आळस करते. हा दोष असू शकतो का?

दीपमाळ

हो. मुलीचं शू करणं अगदी व्यवस्थित आणि तरीही दिवसरात्र थेंब थेंब, एकही कोरडा तास नाही, असं असेल तर एक मूत्रवाहिनी मूत्राशयाऐवजी खाली कुठेतरी उघडत असू शकते. ओरडू नका, तिच्या हातात ते नाही. सोनोग्राफीत निसटतं, एमआरआयमध्ये बहुधा सापडतं. ऑपरेशनने ही मुलं पूर्ण कोरडी होतात. आमच्या कामातली ही फार समाधानाची गोष्ट आहे.

मृगनक्षत्र

आणि पोटात असतानाच व्हॉल्व्हवर काही करता येतं का?

रानफूल

हे आम्हालाही विचारलं होतं. बाळाच्या मूत्राशयातून गर्भजलात लघवी जाईल अशी बारीक नळी बसवतात. प्लूटो नावाच्या चाचणीत ती तपासली, २०१३ मध्ये निष्कर्ष आले, पण त्यात फक्त ३१ स्त्रिया सहभागी झाल्या होत्या. बाळ जगण्याची शक्यता नळीने थोडी वाढते असं दिसलं, किडनी मात्र बहुतेकांची चांगली राहिली नाही. गर्भजल खूप कमी असेल तर फुप्फुसांसाठी तिचा विचार होतो. किडनी वाचेल या आशेवर ती घेऊ नका, निर्णय पूर्ण माहितीने घ्या.

सांजवारा

टीमशी बोलून आले. त्यांनी आकडे न अडखळता सांगितले. हाडांसकट बंद करणार, तारीख ठरलीये. नंतर काही आठवडे पाय बांधून ठेवणार म्हणाले. निरंजनीताई, त्या काळात दूध कसं पाजायचं? तिला उचलता येणार नाही का?

निरंजनी

पाय वर टांगून ठेवणार की प्लास्टर, की नुसते एकत्र गुंडाळणार, हे आधी विचारून घ्या, त्यावर बरंच ठरतं. टांगलेले असतील तर उचलता येणार नाही. तेव्हा तुम्ही पलंगावर तिच्या बाजूला कुशीवर या आणि स्तन तिच्याकडे न्या, ती तुमच्याकडे आणायची नाही. आम्ही उशा लावून देतो, एक-दोन दिवसांत जमतं. सुरुवातीला पोट फुगलेलं असेल आणि तोंडाने काही देत नसतील, तर दूध काढून साठवत राहा म्हणजे आटणार नाही. पाठीतल्या बारीक नळीतून दुखण्याचं औषध चालू असतं. ती खूप रडली, जोर लावला तर शिवणीवर ताण येतो, म्हणून "रडू दे थोडं" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, बेल दाबा. पोटातून आणि मूत्रवाहिन्यांतून निघालेल्या नळ्या कोणत्या आणि किती आहेत ते पहिल्या दिवशी आमच्याकडून समजून घ्या, आणि एकीतून लघवी यायची थांबली तर लगेच सांगा, पुढच्या राउंडची वाट बघू नका. टाचा आणि डोक्याची मागची बाजू रोज बघा, एकाच जागी टेकून तिथे फोड येतात. मालिश करता येणार नाही, पण डोक्यावरून, गालावरून, हातांवरून हात फिरवायला काहीच हरकत नाही, आणि तुमचा आवाज तर तिला जन्माआधीपासून ओळखीचा आहे.

सांजवारा

लिहून घेतलं सगळं. लेटेक्सची चिठ्ठीही तिच्या फाइलवर लावून आले.